बोक्याचा दमा आणि काउंटरवरचा फॉर्म

मांजराला दमा होतो म्हटलं की लोक अजून हसतात. आमच्या बोक्याला आहे. आता तो मजेत आहे, पण दवाखान्याचा तो फॉर्म आठवला की माझं डोकं फिरतं.

काउंटरवरच्या बाईंनी माझं अर्धवट ऐकून 'तक्रार' या रकान्यात 'खोकला' लिहिलं आणि फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी सारला. बोका पिंजऱ्यात कोपरं फाकवून, मान लांब करून बसलेला. दर श्वासाला पोट आत ओढलं जात होतं. पुन्हा सांगायला गेले तर, "केसांचा गोळा अडकला असेल, नंबर येऊ द्या." तोवर बाकावरच्यांचे इलाज सुरू झाले. मध चाटवा, कापूर हुंगवा. एकीने तर पर्समधून निलगिरीची बाटलीच काढली. ती मी परत ठेवायला लावली. निलगिरी, पुदिना, टी ट्री यांच्या तेलांतले घटक मांजराच्या यकृताला धड निकामी करता येत नाहीत, आणि आधीच सुजलेल्या श्वासनळीला तो उग्र वास आणखी झोंबतो. "अहो, नैसर्गिक आहे!" धोतराही नैसर्गिकच असतो.

नंबर काही सरकेना. बोक्याने तोंड उघडून धापा टाकायला सुरुवात केली, तसा मी पिंजरा उचलून थेट त्या गठ्ठ्यावर ठेवला. मग मात्र लगेच आत घेतलं, ऑक्सिजन लावला. म्हणून सांगते, दवाखान्यात 'खोकला' हा शब्द नंतर. आधी 'तोंड उघडून श्वास घेतोय' किंवा 'हिरड्या निळसर दिसतायत', जे दिसत असेल ते. आणि मोठ्याने.

एक्स-रेला नाही म्हणू नका. हृदयाच्या आजारातही मांजराला अशीच धाप लागते, आणि तिथे दम्यावर देतात ते स्टिरॉइड महागात पडू शकतं.

घरगुती उपायांत मी वाफ ठेवलीय, पण फक्त सर्दीने नाक चोंदलं तर. गरम पाण्याचा शॉवर सोडून बंद बाथरूममध्ये दहा-पंधरा मिनिटं त्याला घेऊन बसायचं. पाण्यात काहीही घालायचं नाही. दम्यात वाफेच्या भरवशावर राहू नका. नाक बंद असलं की वास येत नाही आणि मांजर जेवण सोडतं, म्हणून ओलं खाणं कोमट करून द्या. दोन-तीन दिवसांची उपासमारही यकृतात चरबी साचायला पुरते. दम्याला खरा फरक पडला तो धूळ न उडणाऱ्या लिटरने (शी-शूच्या ट्रेमधली वाळू) आणि घरातली सिगारेट, सुगंधी फवारे बंद केल्याने. तरी औषध सुटलेलं नाही.

हो, आणि झोपेत श्वास मोजत जा. मिनिटाला 15 ते 30 ठीक. 40 च्या पुढे गेले तर सरळ दवाखाना. माणसांचं पॅरासिटामॉल चुकूनही नाही, मांजराला ते विष आहे.

इन्हेलरचा मास्क आधी रिकामाच, खाऊ दाखवत, नाकाशी धरायचा. सवय झाली की इन्हेलर दाबून औषध मास्कमध्ये सोडायचं आणि सात ते दहा श्वास मोजायचे. आमचा आठव्यालाच तोंड फिरवतो.