अल्टरनेटरच्या पाठीवरचा पंप

लॅडर चॅसीची, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली जुनी डिझेल गाडी. डिकीत चार चॅनलचा, दर चॅनलला ६० वॅटचा अँप, म्हणजे ॲम्प्लिफायर, आधीपासून होता. त्याच्या शेजारी मालकांनी १००० वॅटचा मोनोब्लॉक, म्हणजे फक्त वूफरसाठीचा एका चॅनलचा अँप, बसवून घेतलेला. तक्रार अशी की रात्री बेसचा ठोका पडला की हेडलाइट मंद होतात आणि सिग्नलला गाडी थांबली की मोनोब्लॉक प्रोटेक्टमध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होऊन, वूफर बंद पडतो. सोबत १६० अँपिअरचा कोरा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणारं यंत्र, खोक्यात आणला होता. एवढा चढवून द्या, म्हणाले.

आधी मल्टिमीटर लावला. इंजिन आयडलवर, एसी आणि हेडलाइट चालू, स्टिरिओवर ५० हर्ट्झचा सलग टोन. बॅटरीवर १२.० व्होल्ट, अँपच्या टर्मिनलवर १०.९. म्हणजे दोष दोन होते. बॅटरीवर १२ दिसतात म्हणजे चार्जिंग पुरत नाही, पुढचा १.१ व्होल्ट वायरिंगमध्ये जिरतोय. मोठ्या अल्टरनेटरने पहिला दोष जाईल, दुसरा तसाच राहील.

हिशोब सोपा आहे. मोनोब्लॉक डी क्लासचा, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर पूर्ण जोरात १२५० वॅट ओढणार, म्हणजे साडेतेरा व्होल्टला साधारण ९२ अँपिअर. जुना अँप एबी क्लासचा, ६० टक्के धरून ३० अँपिअर. एकूण सव्वाशेच्या आसपास. गाण्यात सरासरी ओढ याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे ४० धरा. रात्री एसी, पंखा, दिवे मिळून गाडीलाच आणखी ४० लागतात. मूळ अल्टरनेटर ७५ चा, आणि हा आकडा वेगात फिरतानाचा. आयडलला तो निम्म्यावर येतो. उरलेलं सगळं बॅटरीतून जात होतं.

डिकीत एक फॅरडचा कपॅसिटरही होता. त्यावर लोक फार विसंबतात. १४.२ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत त्यातून जेमतेम २९ जूल मिळतात. १२५० वॅटला ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपतात. तो काढून ठेवला.

मग खोकं उघडलं. नवा अल्टरनेटर मागून सपाट होता. गाडीतल्या मूळ अल्टरनेटरच्या पाठीवर मात्र व्हॅक्यूम पंप होता. पेट्रोल इंजिनात ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, लागणारा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलला तसा मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो आणि कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच शाफ्टवर असतो. त्याला इंजिन ऑइलची बारीक नळी येते आणि जाड नळीने ते ऑइल परत जातं. खोक्यातला अल्टरनेटर बसवला असता तर गाणी उत्तम वाजली असती, पण बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एकदोनदा ब्रेक लागून पेडल दगडासारखं झालं असतं. हे मालकांना गाडीखाली दिवा धरून दाखवलं. त्यांनी तो परत केला आणि त्याच बनावटीचा, पंपासकट १२० अँपिअरचा मागवला.

बसवताना पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह काढली. पंपाच्या ऑइल तोंडात थोडं इंजिन ऑइल ओतलं, नाहीतर सुरुवातीला तो कोरडा फिरतो. ऑइल नळीचे तांब्याचे वॉशर नवे घातले. जुने दाबले गेलेले असतात, तिथून हमखास पाझर होतो. पुलीची रेघ सरळपट्टीने जुळवली, पट्टा गुळगुळीत झाला होता म्हणून बदलला. जास्त अँपिअर म्हणजे पट्ट्यावर जास्त ओढ, आणि घसरणाऱ्या पट्ट्यावर १२० अँपिअर कधीच मिळत नाहीत.

वायर चार गेजची, वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. ती काढून शुद्ध तांब्याची ५० चौरस मिलिमीटरची टाकली, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. डिकीत फ्यूजवाला डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, तिथून दोन्ही अँप. अल्टरनेटर ते बॅटरी तशीच जाड वायर, तीही फ्यूजमधून. अँपची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडायची निगेटिव्ह वायर, सीटबेल्टच्या बोल्टवर, रंगावरच आवळली होती. पत्रा चकचकीत घासून दोन्ही अँपना एकाच ठिकाणी अर्थ दिली. दोन जागी दिली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमध्ये येऊ शकते. या गाड्यांत बॉडी चॅसीवर रबराच्या बुशांवर बसते, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह बॉडी, चॅसी आणि इंजिन ब्लॉक अशी तिन्हीकडे नेली. अँप चालू करणाऱ्या स्टिरिओच्या बारीक रिमोट वायरवर दोन्ही ॲम्प्लिफायरचा भार नको म्हणून मध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घातला.

मोनोब्लॉकचा गेन, म्हणजे स्टिरिओचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी, पूर्ण फिरवलेला होता. वूफर सोडवून, एक ओहमच्या हिशोबाने ३१.६ व्होल्टवर आणला. एक हजार वॅट गुणिले एक ओहम, त्याचं वर्गमूळ.

स्टिरिओला हात लावण्याआधी ब्रेक तपासला. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबलं, पाय तसाच ठेवून स्टार्टर मारला. पेडल खाली बसलं, पंप काम करतोय. त्याच टोनवर वायरिंगमधला तोटा १.१ वरून ०.३ व्होल्टवर आला. आयडलला गाण्यावर बॅटरी १३.३ दाखवत होती. सलग टोनवर मात्र आयडलला अजूनही १२.६ पर्यंत उतरत होती, आणि ते मालकांना स्पष्ट सांगितलं: थांबलेल्या गाडीत तासभर जोरात वाजवायचं असेल तर हा अल्टरनेटरही पुरणार नाही. २०० किलोमीटरनंतर ऑइल नळीचा जोड बघायला बोलावलं. कोरडा होता.