बर्फवाल्याच्या पोरीनं पाहिलेली आइस हॉकी

आमच्या घरात बर्फाला कुणी बर्फ म्हणत नाही. माल म्हणतात. "माल निघाला का?", "आज माल पांढरा आलाय", "टेम्पोत माल किती चढला?" सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा बर्फाचा कारखाना आहे. आण्णांनी काढलेला, आता दादा बघतो आणि वह्या माझ्याकडे. लग्न गावातच झालं, त्यामुळं रोज अकरा ते पाच मी इथंच, कंप्रेसरच्या घरघरीत. त्या आवाजाची इतकी सवय झालीय, की लाइट जाऊन तो थांबला की मी दचकते.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे मला बायकांच्या आइस हॉकीचं वेड लागलंय आणि ते कळल्यावर लोक हसतात. पारा 43 च्या पुढं, नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि ही बाई रात्री गच्चीवर पडून मोबाइलवर कॅनडाच्या पोरी बघते! हसू देत. या गावात बर्फावर बोलायचा हक्क कुणाला असलाच तर तो आम्हाला आहे. 40 वर्षं उन्हाशी भांडून बर्फ करतोय.

सुरुवात भाचीनं केली. दादाची धाकटी, 12 वर्षांची, इनलाइन स्केटिंग शिकते. रांगेत चार चाकं असलेले बूट असतात ते. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत कारखान्यात येऊन बसली होती. डब्यातून लादी सुटताना बघत म्हणाली, "आत्या, आपल्याकडं एवढा बर्फ आहे, मग बर्फावरचं स्केटिंग का नाही?" मी म्हटलं, आपल्याकडं ऊन किती बघ की. पोरगी गप्प बसली, पण मलाच ते उत्तर काही पटलं नाही.

आणि मग जूनमध्ये बातमी आली. भारताच्या मुलींनी आशिया कपात ब्राँझ जिंकलं. 2025 चं. भारतीय बायकांच्या आइस हॉकीतलं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. संघात बहुतेक जणी लडाखच्या, काही हिमाचलच्या. स्पर्धा कुठं झाली बघितलं, तर अल ऐन, संयुक्त अरब अमिरातीत. नकाशा उघडला, तर चहूकडं वाळवंट. तारखा 31 मे ते 6 जून. म्हणजे बाहेर आपल्याला लाजवेल असं ऊन, आणि आत पोरी बर्फावर पळतायत.

मी दादाला वाचून दाखवलं. तो टेम्पोवाल्याची पावती फाडत होता. वर न बघता म्हणाला, "एवढं काय बघालीस गं त्यात? आत गारच असणार की. आपल्या टाकीत नसतंय का?"

बरोबरच होतं त्याचं. मी रिंक, म्हणजे ते बर्फाचं मैदान, कशी करतात ते वाचत बसले, तर सगळं ओळखीचं निघालं. आमच्याकडं पाण्यानं भरलेले डबे मिठाच्या पाण्यात उभे असतात. अमोनियाच्या जोरावर ते मिठाचं पाणी उणे आठ-दहापर्यंत गार होतं आणि दीड-दोन दिवसांत डब्यात लादी तयार. रिंकमध्ये हेच आडवं करून घातलंय. काँक्रीटच्या फरशीखाली नळ्या, त्यांतून गार केलेलं मिठाचं किंवा तसलंच न गोठणारं पाणी फिरतं, आणि वरून पाणी मारत थरावर थर गोठवायचा. इंच-दीड इंच जाडी पुरते. त्यावर 60 मीटर लांबीचं मैदान, एका बाजूला सहा जणी, 20-20 मिनिटांचे तीन डाव. एवढ्या जाडीची लादी आम्ही रसवंतीवाल्याला फुकटसुद्धा देणार नाही.

आमच्या मालाची मोठी कटकट म्हणजे मधला पांढरेपणा. पाण्यातली हवा गोठताना आत अडकते आणि लादीचा गाभा दुधाळ दिसतो. म्हणून डब्यात नळी सोडून पाणी हलतं ठेवावं लागतं. रिंकवाले काय करतात, तर दोन डावांच्या मध्ये एक गाडी फिरवतात. ती खरवडलेला बर्फ उचलते आणि मागं गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. गरम पाण्यात हवा कमी, म्हणून बर्फ नितळ आणि टणक. मी हे मोठ्या ऐटीत आमच्या जुन्या मिस्त्रींना सांगायला गेले. ते म्हणाले, "ताई, गरम पाण्याचा माल काचेसारखा येतो हे मला ठाऊक हाय. पाणी तापवायचे पैसे कोण देणार?"

पण त्या गाडीची गोष्ट ऐकून मिस्त्रींनीसुद्धा विडी बाजूला ठेवली. गाडी बनवणाऱ्याचं नाव फ्रँक झांबोनी. कॅलिफोर्नियातला, आणि धंदा आमचाच! भाऊ-भाऊ मिळून लाद्या पाडायचे. घरोघरी फ्रिज आले, लाद्यांचा खप बसला. हातात गार करायची सगळी यंत्रं, आणि गिऱ्हाईक नाही. तेव्हा त्यांनी 1940 मध्ये स्केटिंगची रिंक काढली आणि बर्फ गुळगुळीत करायला माणसं आणि वेळ फार जातो म्हणून खटपट करकरून 1949 मध्ये ही गाडी बनवली. कॅलिफोर्नियाच्या उन्हात, बर्फाच्या कारखानदारानं. मी दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, "लाइटबिल बघितलंस का या महिन्याचं? लादी विकली की पैसा हातात. पोरी घसरून किती देणार?"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, बिल मीच भरते. पण त्यानंतर मी जे जे वाचलं त्यात दादाचं हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू यायला लागलं. बर्फ पैशानं होतो. लडाखात तर फुकटच होतो. तो पोरींना मिळतो का, आणि किती वाजता मिळतो, भानगड तिथं आहे.

लडाखचंच घ्या. आपल्याकडं जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते, नंदीध्वज निघतात, आपण स्वेटर घालून होम मैदानावर पाळणे बघत फिरतो. आमच्या धंद्याचा तो मेलेला महिना. तेव्हा लेहला तळी गोठलेली असतात, मैदानावर रात्री पाणी सोडून सकाळी बर्फ करतात. नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो. त्या दोन महिन्यांत लष्कराचे संघ, पुरुषांचे संघ, मुलांची शिबिरं, आणि उरलेल्या वेळात मुली. बूट उसने, पॅड दुसऱ्याच्या मापाचे. अशा तयारीवर 2016 मध्ये त्या पहिल्यांदा तैपेईला खेळायला गेल्या आणि सगळे सामने हरल्या. हरणारच की. पुढच्या वर्षी बँकॉकला जायला पैसे नव्हते तर लोकांकडून वर्गणी गोळा केली, आणि तिथं फिलिपिन्सला 4-3 हरवलं. पहिला विजय. गोल राखणाऱ्या नूरजहाँचं पोटापाण्याचं काम वेगळंच. जुन्या गोंप्यांतली, म्हणजे बौद्ध मठांतली, भित्तिचित्रं आणि थंका ही कापडावरची चित्रं जतन करायची. एका हातात केसाएवढा बारीक ब्रश आणि दुसऱ्या हातात गोलकीपरची रुंद काठी, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

2018 च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकेनहायझर लेहला गेली. ऑलिंपिकची चार सुवर्णं तिच्याकडं. सामान घेऊन गेली, पोरींना शिकवलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना कॅलगरीला स्पर्धेसाठी बोलावलं. लेहच्या तळ्यावरून थेट कॅनडा.

मला वाटायचं, कॅनडात काय, जन्मतःच पोरींच्या पायात स्केट. तसं नव्हतं. 1955 ची गोष्ट. टोरोंटोत अॅबी हॉफमन नावाची आठ-नऊ वर्षांची पोरगी केस बारीक कापून, नावातली दोन अक्षरं गाळून 'अॅब' म्हणून मुलांच्या लीगमध्ये खेळली. चांगली खेळली म्हणूनच घोटाळा झाला. निवडक खेळाडूंच्या संघात नाव आलं, त्यासाठी जन्मदाखला मागितला आणि पितळ उघडं पडलं. हॉकीनं दार लावलं तर ती धावायला लागली आणि चार ऑलिंपिक धावली. दाखल्यावरून खेळाडू बाद होतो हे आपल्याला माहीत आहे, पण ते वय चोरल्यावर. इथं चोरी कशाची?

बायकांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा थेट 1990 मध्ये, ओटावाला. आणि लोकांनी बघायला यावं म्हणून कॅनडाच्या पोरींना घातले काय, तर गुलाबी कपडे. मुलगी झाली की गुलाबी दुपटं, तसलाच प्रकार. अंतिम सामन्यात 2-0 मागं पडून त्यांनी अमेरिकेला 5-2 हरवलं, जवळपास 9,000 लोकांसमोर. ऑलिंपिकमध्ये यायला 1998 उजाडलं. नागानोला अमेरिका जिंकली आणि तेव्हापासून या दोघींची जी जुंपलीय ती जुंपलीच आहे.

त्यातला एक सामना मी आजवर चार वेळा बघितला. 2014, सोची, अंतिम सामना. शेवटची साडेतीन मिनिटं उरलीत आणि अमेरिका 2-0 पुढं. कॅनडानं एक गोल केला. मग गोलकीपर काढून सहावी खेळाडू आत आणली, म्हणजे मागं जाळी उघडी. अमेरिकेच्या एकीनं लांबून चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच, ढकलून दिली. ती आडव्या बर्फावरून एकटीच रिकाम्या गोलाकडं घसरत निघाली. कुणी अडवणारं नाही. सामना संपल्यातच जमा. पहिल्यांदा बघताना मी उठून पाण्याचा तांब्या घ्यायला निघाले होते. चकती गेली, गेली, आणि खांबाला लागली. ठक्! आवाजसुद्धा ऐकू येतो. मग 54.6 सेकंद उरले असताना मारी-फिलिप पुलॅंनं बरोबरी केली आणि जादा वेळेत तिनंच जिंकून दिलं. निकाल माहीत असून चौथ्यांदाही माझा जीव त्या चकतीबरोबर सरकत जातो. नवऱ्याला उठवून दाखवलं तर म्हणाला, "कॅनडा आपलं कोण लागतं?" अंगावर चादर घेऊन झोपला.

अमेरिकेच्या पोरींचं दुःख मला नंतर कळलं. इतकं खेळून त्यांना संघटनेकडून ऑलिंपिकच्या आसपासचे सहा महिने महिना 1,000 डॉलर मिळायचे, बाकीच्या काळात जवळजवळ काही नाही. 2017 मध्ये त्यांनी सांगून टाकलं, घरच्याच देशातल्या जागतिक स्पर्धेत उतरणार नाही. ऐन तोंडावर संघटना वाकली, करार झाला, आणि मग या बायांनी ती स्पर्धा जिंकूनही दाखवली. आपल्याकडं विडी कामगार बायकांचे मोर्चे मी लहानपणापासून बघतेय, त्यामुळं मला या बातमीत हॉकी कमी आणि सोलापूर जास्त दिसलं.

आता अमेरिका-कॅनडाच्या पोरींची पगारी लीग आहे. 1 जानेवारी 2024 ला सुरू झाली, सहा संघ होते, दोन वर्षांत आठ झाले. त्याच वर्षी 20 एप्रिलला मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये बायकांचा सामना बघायला 21,105 माणसं आली. आकड्यापेक्षा मला वार महत्त्वाचा वाटला. शनिवार होता. म्हणजे मोठं मैदान, सुट्टीचा दिवस, माणसं जेवूनखाऊन यायची वेळ. पहाटेचा उरलासुरला बर्फ नव्हे.

हे मी का धरून बसले ते सांगते. भाचीचा सराव पहाटे सहाला असतो, शहरातल्या एका मैदानाच्या कोपऱ्यातल्या फरशीवर. या एप्रिलमध्ये तिथं मुलांचं क्रिकेट शिबिर लागलं आणि स्केटिंगच्या पोरींना सांगितलं, तुम्ही पार्किंगमध्ये करा. पार्किंगला खडी. दुसऱ्याच दिवशी एक पडली, गुडघा फुटला. वहिनी विचारायला गेली तर तिथला माणूस म्हणाला, "वहिनी, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे." सुट्टीच दोन महिन्यांची असते हे त्याच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलं असावं.

मग आम्ही आत्या-भाचीनं एक उद्योग केला. हॉकीची चकती ऑनलाइन मागवली. पक म्हणतात तिला. टणक काळं रबर, तीन इंच रुंद, एक इंच जाड. कारखान्याच्या काट्यावर ठेवली तर काटा हललाच नाही, म्हणून शेजारच्या किराणा दुकानात वजन केलं: 165 ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात असं वाचलं होतं, उडू नये म्हणून. आम्ही फरशीवर टाकून बघितली, तर चांगली गुडघ्यापर्यंत उसळली. मग पिशवीत बांधून मिठाच्या पाण्यात दोन तास सोडली. काढली तेव्हा हाताला चिकटत होती. पुन्हा टाकली. धप्प. दगडासारखी पडून राहिली.

मिस्त्रींनी तीन लाद्या एकापुढं एक आडव्या लावून दिल्या, आकड्यानं ओढून सांधे जुळवले. भाचीनं घरून झाडूची दांडी आणली होती, तिला पुढं फळीचा तुकडा ठोकलेला. पहिला फटका बसला आणि चकती लाद्यांवरून अशी सुळ्ळकन गेली, की पलीकडं उभा असलेला हमाल उडी मारून बाजूला झाला. पोरगी किंचाळली. मिस्त्री म्हणाले, आता मी. मग टेम्पोचा ड्रायव्हर. दादा ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला, माल वितळतोय म्हणून ओरडला, आणि दहा मिनिटांनी त्याच्याच हातात दांडी होती. त्याचा नेम काही लागला नाही.

लाद्या धुतल्या, गोणपाटात गुंडाळल्या आणि नेहमीसारख्या चार वाजताच्या टेम्पोत गेल्या. साडेपाचला सात रस्त्याच्या रसवंतीवाल्याचा फोन. "ताई, माल चांगलाय, पण लादीवर ह्या काळ्या रेघा कशाच्या ओ?"