जोडीचा बॅक

रविवार, रात्री साडेअकरा

घर झोपलंय. मला झोप येईना म्हणून वही काढली. आज संध्याकाळी संजाकडं गेलो होतो. बावीस वर्षं जे त्याच्यापुढं कधी काढलं नव्हतं ते आज निघालं, आणि ते निघालं एका रशियन माणसामुळं. उद्या कामाच्या रगाड्यात यातलं निम्मं विसरेन, म्हणून आत्ताच लिहितोय.

पुतण्या फौजेत आहे. तीन हिवाळे त्यानं लेहला काढले. तिथं थंडीत तळी गोठतात आणि त्या बर्फावर पोरं आइस हॉकी खेळतात. फौजेतली माणसंही खेळतात. पहिल्याच वर्षी त्यानं व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, ह्यातला मागचा गडी बघा. तुमची आठवण झाली."

बघितला. मागचा गडी उलटा पळत होता. तोंड अंगावर येणाऱ्याकडं, पाठ स्वतःच्या गोलकडं, आणि पायातल्या पात्यांवर मागं मागं सरकत चाललेला, समोरचा ज्या वेगानं येतोय त्याच वेगानं. मी कोल्हापुरात बारा हंगाम पेठेच्या फुटबॉल टीमला बॅक खेळलो. दोन-चार पावलं मागं सरायचं आणि मग वळून पळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. न वळता निम्मं मैदान मागं जायचं म्हणजे काय ताकद लागत असेल मांड्यांत! कंबर खाली, गुडघे वाकलेले. आमच्या तालमीत वस्ताद पवित्रा घ्यायला लावायचे, थेट तसा. आणि नजर छातीवर. वस्ताद म्हणायचे, चेंडूकडं बघू नको, पाय फसवतात, डोळे फसवतात, छाती फसवत नाही. पुढं वाचनात आलं की आइस हॉकीतल्या बॅकलाही हेच शिकवतात. पकवर, म्हणजे त्या काळ्या रबरी चकतीवर, नजर लावली की गेलास.

तेव्हापासून नाद लागला. रात्री कारखान्यातून आलो की जुन्या मॅच बघत बसायचो. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. बर्फावर एका बाजूचे सहा गडी, त्यात एक गोली आणि दोन बॅक. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, की फळीवरून उडी मारून बाहेर आणि दुसरी जोडी आत. खेळ तोवर चालूच. बॅक जोडीनं आत येतात, जोडीनं बाहेर जातात. कुठल्याही बॅकबद्दल वाचा, त्याच्याबरोबर कोण खेळायचं हे आधी येतं. मला हे फार पटलं. आमच्याकडंही स्टेडियमवर माझं नाव एकट्यानं कुणी घेतलं नाही. "संजा आणि हा" असंच.

अशी शोधाशोध करता करता फेतिसॉव्ह सापडला. व्याचेस्लाव्ह फेतिसॉव्ह, सगळे स्लावा म्हणतात. जन्म १९५८, मॉस्को. सोव्हिएत लष्कराच्या क्लबचा बॅक, पुढं क्लबचा आणि देशाचाही कॅप्टन. १९८४ आणि १९८८ ची ऑलिम्पिक सुवर्णपदकं, सात वेळा जगज्जेता. आणि त्याआधी २२ फेब्रुवारी १९८० ची ती लेक प्लॅसिडच्या ऑलिम्पिकमधली मॅच, अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी ज्यांना ४-३ नं हरवलं त्या टीममध्येही हा होताच. त्या मॅचबद्दल अमेरिकेच्या बाजूनं खूप लिहिलंय. मला हरलेल्यांच्या बॅकचं पडलंय. एकवीस वर्षांचं पोरगं त्या रात्री कसं झोपलं असेल?

त्याची तेव्हाची जोडी अलेक्सेई कासातोनॉव्हबरोबर. दोघं मागं, पुढं क्रुतोव्ह, लारिओनॉव्ह, मकारोव्ह. हे पाच जण एकत्रच खेळायचे. वर्षातला बहुतेक काळ छावणीत, बायका-पोरांपासून लांब. १९८९ मध्ये फेतिसॉव्ह अडून बसला की मला अमेरिकेत खेळायला जाऊ द्या आणि माझ्या कमाईतला मोठा वाटा सरकारला देणार नाही. त्याला टीमबाहेर काढलं. बाकीचे गडी त्याच्या पाठीशी उभे राहिले. कासातोनॉव्ह राहिला नाही. पुढं न्यू जर्सीच्या टीममध्ये हे दोघं पुन्हा एकत्र आले आणि एकमेकांशी बोलत नव्हते. हे मी पुतण्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "काका, न बोलता बॅक खेळता येतं?" येत नाही रे. बॅकचं निम्मं काम तोंडानंच असतं. "डावीकडं", "सोड", "माझा", "मागं माणूस". ते बंद झालं की खेळ चालतो, जोडी मरते.

अमेरिकेत गेला तेव्हा एकतीस वर्षांचा. तिथलं मैदान युरोपातल्यापेक्षा तेराएक फूट अरुंद. बॅकच्या दृष्टीनं हा फार मोठा फरक. विचार करायला जो क्षणभर मिळायचा तोच काढून घेतलेला, आणि अंगावर येणारा गडी त्या मानानं लवकर अंगावर. पहिली वर्षं त्याला जड गेली. सदतिशीला टेकला असताना त्याला डेट्रॉइटच्या टीमला देऊन टाकला. तिथं स्कॉटी बोमन या कोचनं पाच रशियन एकत्र खेळवायला काढले, आणि मागं स्लावाच्या जोडीला आला व्लादिमीर कॉन्स्टान्टिनॉव्ह, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, मूर्मान्स्कचा, लष्कराच्याच क्लबमधून आलेला.

कॉन्स्टान्टिनॉव्ह म्हणजे दगड. १९९५-९६ च्या हंगामात त्याचं प्लस-मायनस अधिक ६०, सगळ्या लीगमध्ये पहिला. हा हिशोब मला अतिशय आवडतो. दोन्हीकडं सारखे गडी असताना तू मैदानात असलास आणि आपल्या टीमचा गोल झाला की एक मिळतो, खाल्ला की एक जातो. गोल कुणी मारला याच्याशी संबंध नाही. आमच्या काळी असा हिशोब कुणी ठेवला असता तर संजाचं नाव पेपरात आलं असतं. त्याचं नाव पेपरात कधी आलं नाही. गोल मारणाऱ्याचं यायचं.

७ जून १९९७ ला डेट्रॉइटनं स्टॅनले कप, म्हणजे तिथल्या लीगचं अजिंक्यपद, जिंकला, बेचाळीस वर्षांनी. सहा दिवसांनी, १३ जूनला, टीम गोल्फ खेळायला जमली होती. घेऊन झाल्यावर कुणी स्वतः गाडी चालवू नये म्हणून भाड्याच्या लिमोझिन सांगितल्या होत्या. परतताना चालकाला डुलकी लागली, गाडी रस्त्यामधल्या झाडावर गेली. आत फेतिसॉव्ह, कॉन्स्टान्टिनॉव्ह आणि टीमचा मालीशवाला सेर्गेई म्नात्साकानॉव्ह. फेतिसॉव्हला छातीत, फुप्फुसाला मार लागला, तो सावरला. बाकी दोघांच्या डोक्याला. कॉन्स्टान्टिनॉव्ह कित्येक आठवडे बेशुद्ध होता. पुन्हा बर्फावर खेळायला उतरलाच नाही. तीस वर्षांचा होता.

हे वाचलं त्या रात्री मी फोन उपडा ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मे २००३. हंगामातली शेवटची स्पर्धा आम्ही जिंकलेली. गुलाल घेऊन जोतिबाला जायचं ठरलं. थोरल्यांनी बजावलं, मोटारसायकली नकोत रे पोरांनो, ट्रॅक्स सांगा. सांगितली. शहाणपणाचंच केलं. येताना पहाटे रत्नागिरी रस्त्याला चालकाचा डोळा लागला आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. संजा पुढं बसला होता. मी मधल्या सीटवर, झोपेत. मला हनुवटीला सहा टाके पडले. संजा अडीच महिने दवाखान्यात. त्याची उजवी बाजू गेली. बोलणं पुढं आलं, पण शब्द शोधावा लागतो. अंगाखांद्यावर गुलाल तसाच होता आम्हा सगळ्यांच्या, आणि दवाखान्यात त्यातलं रक्त कुठलं आणि गुलाल कुठला हे नर्सला कळेना.

मी पुढचे चार हंगाम खेळलो. संजाकडं दर आठवड्याला जायचो, अजून जातो. पण त्या चार हंगामांबद्दल मी त्याच्यासमोर ब्र काढला नाही. मॅच असेल त्या दिवशी जायचोच नाही, दुसऱ्या दिवशी जायचो. पावसाचं बोलायचो, पंचगंगेच्या पाण्याचं, त्याच्या पोरीच्या शाळेचं. त्यांच्या गच्चीवर स्टेडियममधला आरडाओरडा ऐकू येतो. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं, आणि मी मात्र गप्प.

फेतिसॉव्हचा मला आधी रागच आला होता. त्या अपघातानंतर, १९९७ च्याच ऑगस्टमध्ये, तो टीममधल्या लारिओनॉव्ह आणि कोझलॉव्ह या रशियनांना बरोबर घेऊन कप मॉस्कोत, रेड स्क्वेअरवर घेऊन गेला. जोडीदार दवाखान्यात आणि हा कप मिरवतोय. मग कळलं की १९८५ मध्ये गाडीच्या अपघातात त्याचा अठरा वर्षांचा धाकटा भाऊ गेला होता, आणि गाडी हाच चालवत होता. पुढच्याच वर्षी हा पुन्हा जगज्जेता. अशा माणसाबद्दल मी कोल्हापुरात बसून काय ठरवणार? पुढं तो मंत्री झाला, राजकारणात गेला. त्या फेतिसॉव्हशी मला देणंघेणं नाही. मला तो ३९ वर्षांचा बॅक कळतो, छातीला मार लागलेला, त्याच टीममध्ये परत उभा राहून पुढचा हंगाम खेळलेला, शेजारी दुसराच कुणी असताना.

१६ जून १९९८. डेट्रॉइटनं पुन्हा कप जिंकला. कॅप्टन स्टीव्ह आयझरमननं कप घेतला आणि सरळ नेऊन व्हीलचेअरवर बसलेल्या कॉन्स्टान्टिनॉव्हच्या मांडीवर ठेवला. फेतिसॉव्ह आणि लारिओनॉव्हनं ती खुर्ची ढकलत बर्फावर फिरवली. चाळिसाव्या वर्षी फेतिसॉव्हचा तो शेवटचा हंगाम.

तोच व्हिडिओ आज संजाला दाखवला. दाखवावा की नाही हे महिनाभर ठरत नव्हतं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा फोन काढला, त्याच्या डाव्या हातात दिला आणि मोडकंतोडकं सांगितलं, हा कोण, तो कोण, गाडीचं काय झालं. त्यानं दोनदा बघितला. दुसऱ्यांदा खुर्ची ढकलणाऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "जोडीचा?"

"व्हय. जोडीचा."

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ह्येच्या... जागी?"

मला वाटलं कॉन्स्टान्टिनॉव्हच्या जागी कोण खेळलं ते विचारतोय. म्हटलं, त्याचा सोळा नंबर डेट्रॉइटनं त्यानंतर आजवर कुणाला दिलेला नाही. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. डाव्या हाताची चार बोटं वर केली.

त्याची चार नंबरची जर्सी. पुढच्या हंगामात ती एका अठरा वर्षांच्या पोराला मीच दिली होती, स्टेडियमच्या पायऱ्यांवर, संजाला न विचारता. मी ते सांगितलं. खाली बघत सांगितलं.

"खेळलं का... बरं?"

"पहिल्या मॅचला घाबरलं हुतं," मी म्हटलं. "सारखं पुढं जायचं. मी मागनं बोंबलायचो."

संजा हसला. खुर्चीत जरा सरकून बसला, फोन बाजूला ठेवला आणि म्हणाला, "सांग."

चहा गार झाला. वहिनींनी दुसरा केला. मी पहिल्या मॅचपासून सांगायला घेतलं, आणि आठ वाजले तरी दुसऱ्याच हंगामात होतो. पुढच्या रविवारी तिसरा.