तुम्ही विचारलंत म्हणून: गोदी बंद झाली का?

लग्नाची पंगत असो, कुणाचं बारावं असो की लोकलमधली चौथी सीट, मी मुंबईच्या गोदीत नोकरी केली असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ती बंद झाली ना आता? सगळं पलीकडच्या न्हावाशेवा बंदरात गेलं म्हणे." विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी चाललेलं असतं: पूर्व किनाऱ्यावरची बंदराची ती अठराशे एकरांच्या आसपासची जमीन, आणि तिथे टॉवर कधी उठणार. त्याबद्दल मला विचारू नका. गोदीचं मात्र सांगतो.

बंद झालेली नाही. मुंबई बंदरात आजही वर्षाला सहा कोटी टनांहून जास्त माल हाताळला जातो. त्यातला मोठा भाग तेलाचा. तो समुद्रातल्या जवाहर द्वीपावर, म्हणजे जुन्या बुचर आयलंडवर, टँकरमधून उतरतो आणि पाण्याखालच्या पाइपातून माहुलच्या रिफायनऱ्यांत जातो. ना ट्रक, ना पोतं, ना माणूस. मग तो दिसणार कुणाला? बाकी पोलाद येतं, मोटारी परदेशी जातात, बॅलार्ड पिअरला क्रूझ लागतात. संपलं ते माणसांचं काम. आमच्या वेळी एक जहाज रिकामं करायला जेवढे हात लागायचे, तेवढ्यांत आज अख्खा धक्का चालेल.

मी टॅली क्लार्क होतो. म्हणजे काय, तेही लोक विचारतात. समजा खताचं जहाज लागलंय. खाली हॅचमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात, टोळी पोती रचून स्लिंग, म्हणजे उचलायचा दोरखंडाचा फास, बांधते. वर कठड्याला टेकून एक जण हाताच्या खुणा करतो, कारण भार उचलणारं यंत्र, म्हणजे विंच, चालवणाऱ्याला हॅचच्या तळातलं काही दिसत नाही. सगळी भिस्त त्या खुणांवर. तळहात खाली, बोटं हलली, की भार हळू सोडायचा. मूठ मिटली की जागच्या जागी थांबायचं. स्लिंग धक्क्यावर टेकली की मी मोजायचो आणि पाटीवरच्या कागदावर रेघा ओढायचो, चार उभ्या आणि पाचवी त्यांना छेदणारी. जहाजाच्या बाजूचा माणूस त्याच पोत्यांच्या त्याच रेघा त्याच्या कागदावर ओढत असायचा. पाळी संपली की दोन्ही कागद जुळवायचे. जुळले तर नशीब. नाही जुळले की कमी पडलेली पोती जहाजातून उतरलीच नाहीत, की उतरून शेडमधून पाय फुटून गेली, यावर जी जुंपायची ती विचारू नका. गंधकाचं जहाज लागलं की डोळे घरी गेल्यावरही चुरचुरायचे. बायको कपडे वेगळे भिजवायची.

कंटेनर आला आणि ही पाटीच गेली. पेटी बंद, वर सील, आत किती नग आहेत ते कागद सांगतो. मोजायचं काय? सील शाबूत आहे एवढं बघायचं.

गोदीत सगळे एकाच मालकाचे नोकर होते असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नव्हतं. जहाजावर चढणारा कामगार डॉक लेबर बोर्डाचा, म्हणजे गोदी कामगारांना काम वाटून देणाऱ्या मंडळाचा, धक्क्यावरचा बंदर चालवणाऱ्या पोर्ट ट्रस्टचा. मध्ये फक्त कठडा, पण युनियनचं राजकारण, सवलती, भांडणं सगळी वेगळी. नव्वदच्या दशकात बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, तोवर तंट्याला कारण उरेल एवढं कामही राहिलं नव्हतं. त्या बोर्डाला लोक नंतर नावं ठेवायला लागले, बसून पगार खातात म्हणाले. त्यांना त्याआधीचं माहीत नसतं. गोदी कामगारांच्या १९४८च्या कायद्याआधी माणसं रोज सकाळी गेटाबाहेर उभी राहायची. टोळीवाला बोट दाखवील त्याला काम, बाकीचे उपाशी घरी, आणि ज्याला काम मिळालं त्याच्या मजुरीतही टोळीवाल्याचा वाटा. जहाज काही रोज येत नाही, पण पोट रोज असतं. काम नसलेल्या दिवशीही हजेरी लावली तर काही पैसे मिळावेत, ही साधी गोष्ट मिळवायला कायदा आणि वर अनेक वर्षांची लढाई लागली. ती लढणाऱ्यांत कामगार पुढारी पी. डिमेलो पुढे होते. १९५८ साली, चाळिशीच्या आतबाहेर, ते गेले. सीएसएमटीवरून गोदीच्या भिंतीला लागून जाणाऱ्या ज्या रस्त्यावर तुम्ही टॅक्सीत अडकून शिव्या घालता, त्या जुन्या फ्रियर रोडला त्यांचं नाव आहे.

आता, काम न्हावाशेव्याला का गेलं? संपामुळे, युनियनमुळे, आळसामुळे, अशी उत्तरं तुम्ही ऐकली असतील. त्यात थोडं तथ्य आहे, तेही नाकारत नाही. पण मला विचाराल तर खरा गुन्हेगार एक दरवाजा आहे.

इंदिरा गोदी, पूर्वीची अलेक्झांड्रा, १९१४ची. तिच्या खोदाईतून निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभं आहे. मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या दिवसांत साडेचार मीटरच्या आसपास चढउतार असतो. ओहोटीला जहाज चिखलात बसू नये म्हणून गोदीतलं पाणी दरवाजे लावून कोंडून ठेवलेलं असतं. जहाज भरतीच्या सुमाराला आत घ्यायचं. आधी लॉकमध्ये, म्हणजे दोन दरवाजांमधल्या कोंडीत, मागचा दरवाजा लावायचा, पाणी सारखं करायचं, पुढचा उघडायचा, दोरखंड ओढत हळूहळू धक्क्याला आणायचं. आमच्यातले कोळी बांधव भरतीची वेळ तक्त्यात न बघता सांगायचे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. थोडं इकडेतिकडे होतं, पण फसत नाही. करून बघा.

त्या लॉकची रुंदी शंभर फूट, म्हणजे साडेतीस मीटर. १९१४ साली हे ऐसपैस होतं. पुढे पनामा कालव्याच्या जुन्या मापाची जहाजं जगभर फिरायला लागली, ती बत्तीस मीटर रुंद. दीड मीटरने चुकामूक! शिवाय आत पाण्याची खोली नऊ मीटरच्या आसपास, आणि मोठ्या कंटेनर जहाजाला चौदा-पंधरा लागते. दगडी बांधकाम, दोन्ही बाजूंना भरवस्तीचं शहर. रुंद करणार कुठून? १९८९ साली पलीकडे न्हावाशेवा सुरू झालं, तिथे दरवाजाच नाही, उघडा धक्का. मग जहाजं तिकडे गेली यात आश्चर्य ते काय.

शेजारच्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या तर बुजवूनच टाकल्या. प्रिन्सेस १८८०ची, व्हिक्टोरिया तिच्यानंतर काही वर्षांनी. व्हिक्टोरिया म्हटलं की लोकांना फोर्ट स्टिकीन हे जहाज आठवतं. १४ एप्रिल १९४४, सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. हे दोन्ही एकत्र भरायला कुणाची बुद्धी चालली असेल? दुपारी आग लागली, चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान एका दिवसात गेले. देशभर एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. आणि तरी मला दर वेळी विचारतात ते त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटांचं. हो, होत्या. गाळ काढताना अनेक वर्षांनंतरही सापडल्या. नाही, मला नाही मिळाली.

बंदराची स्वतःची रेल्वेही होती, १९१५ पासून. ती मात्र २०१८ साली खरोखरच बंद झाली.

"मग आम्हाला आत बघायला मिळेल का?" हा त्यानंतरचा प्रश्न. पासाशिवाय गेटातून सोडत नाहीत, आणि ओळख काढून पास मिळवण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावर जा आणि मोरा किंवा रेवसची लाँच पकडा, नाहीतर मांडव्याची रो-रो, म्हणजे मोटारीही नेणारी बोट. आत केबिनमध्ये बसू नका, बाहेर उभे राहा. उजवीकडे गोदीचे धक्के आणि शेड, त्यापुढे नौदलाची गोदी. डावीकडे जवाहर द्वीप, बहुधा एखादा टँकर लागलेला. त्यामागे घारापुरी, आणि त्याच्याही पलीकडे न्हावाशेव्याच्या क्रेन. धक्क्यावर मोटारींच्या रांगा दिसल्या तर समजा निर्यातीचं जहाज यायचंय. त्या हजारो गाड्या ड्रायव्हर एकेक करून चालवत थेट जहाजाच्या पोटात नेतात. ना विंच, ना स्लिंग. पण गाड्या मोजायला धक्क्यावर एक माणूस अजून उभा असतो.