शेकडा एक, महिन्याचं की वर्षाचं?

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. उभी हयात बँकेत गेली. टिपणं आणि शेरे सोडून काही लिहिलेलं नाही. फोन ठेवला आणि एकदम सायक्लोस्टाइल केलेल्या पेपराचा वास आठवला. त्यापाठोपाठ सर. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की एकच, त्यामुळे नाव लिहीत बसत नाही. बाकीच्या शिक्षकांनीही आम्हाला घडवलं, त्यांचा राग नको, पण दोन पानांत मावणार किती?

गोष्ट १९८३ची, नववीच्या सहामाहीची. इतिहासाचा पेपर म्हणजे आमच्या लेखी टिपा लिहा, कारणे द्या आणि रात्रभर गाईड. सरांनी शेवटी दहा मार्कांचा एक उतारा टाकला होता. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या दहा नंबरच्या लेण्यातला लेख, त्यांनी स्वतः सोप्या मराठीत उतरवलेला. तेव्हाचा इथला सत्ताधीश नहपान क्षत्रप, त्याचा जावई उषवदात याने तेव्हाच्या कालगणनेतल्या ४२व्या वर्षी, वैशाखात हे लेणं भिक्षुसंघाला दिलं. सोबत ३००० कार्षापणांची, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांची, अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव. त्यातले २००० गोवर्धनच्या कोलिकांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे कारागिरांच्या संघाकडे) शेकडा एक व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. २००० च्या व्याजातून, लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. खाली बारीक अक्षरांत ‘कोलिक म्हणजे विणकर’ असंही दिलेलं. पुढे प्रश्न तीनच. पैसे कोणाकडे ठेवले? व्याज महिन्याचे की वर्षाचे, ते उताऱ्यावरून ठरवा. लेख कोरवून घेणाऱ्याचा हेतू काय असावा?

मी काय लिहिलं ते आजही लख्ख आठवतं. पैसे कोळी लोकांकडे ठेवले, कारण गोदावरीवर मासेमारी चाले. व्याज वर्षाचे, कारण व्याज वर्षाचेच असते. तिसऱ्या प्रश्नाला तर पुरवणी जोडून दीड पान. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव कसा केला, गाईडातलं शब्दन् शब्द. दहापैकी शून्य मिळाले.

मी तडक स्टाफरूममध्ये गेलो. (तेव्हा ती जिन्याखाली होती, आत जाताना डोकं वाकवावं लागायचं.) म्हटलं, “सर, नहपानाचा पराभव झाला हे चूक आहे का?”

“बरोबर आहे की.”

“मग शून्य का?”

“अरे, पराभव व्हायचा होता अजून. लेख कोरताना उषवदाताला कुठे ठाऊक होतं पुढे काय वाढून ठेवलंय ते? त्याला ठाऊक नाही ते तू त्याच्या तोंडी कशाला घालतोस, गाढवा?”

मग म्हणाले, “आणि कोळी कुठून आणलेस? खाली विणकर छापलंय, ते वाचलंस?” वाचलं नव्हतं. कोलिक शब्द दिसला आणि पुढचं मीच रचलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यापाशी मलाच उभं केलं. “तुझं गणित बरं आहे ना? दोन हजारांचं शेकडा एकने वर्षाचं व्याज काढ.” वीस. “भिक्षू किती?” वीस. “प्रत्येकाला किती?” बारा. “म्हणजे लागणार किती?” दोनशे चाळीस. “हातात वीस, वाटायचे दोनशे चाळीस. उषवदाताला हिशेब येत नव्हता?” मी खडू हातात धरून उभा. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “सर, महिन्याचं!” महिन्याला वीस, बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. कार्षापणाचाही फरक नाही. लेखात व्याजापुढे महिना हा शब्द नाही, तरी महिना त्यातूनच निघाला. फळ्यावरचा तो हिशेब सरांनी दोन दिवस पुसू दिला नाही. भूगोलाच्या बाई चिडल्या होत्या.

पुढच्या रविवारी सगळा वर्ग सायकलींवर पांडवलेण्याला. दहा नंबरच्या लेण्यात सरांनी लेखाच्या ओळीखाली, दगडाला न लावता, बोट फिरवलं आणि म्हणाले, “इथे लिहिलंय पायून. सांगा काय?” आम्ही सगळे हुशार गप्प. डबे सांभाळायला सोबत आलेल्या शिपाईमावशी पायरीवर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “पाऊन आसंल.” जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडातली प्राकृत मावशींनी बसल्या जागी वाचली! गोवर्धनहून शाळेत येणारा आमचा एक मित्र तर त्या दिवशी छाती काढूनच उतरला. त्याच्या गावाचं नाव दगडावर निघालं होतं.

तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख. तिचा मुलगा गौतमीपुत्र कसा, तर त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालेलं, त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला. आम्ही भारावलो. सरांनी शांतपणे विचारलं, “कोणी लिहवून घेतलंय?” आईने. “तुझ्या आईला विचारलं तू कसा आहेस, तर काय सांगेल?” वर्ग खो खो हसला. (हा लेखही शिष्याने गुरूवर लिहिलेला आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावा.) “म्हणून आई खोटं बोलते असं नाही. दुसरा साक्षीदार शोधायचा.” तो साक्षीदार १९०६ साली नाशिकजवळच जोगलटेंभीला सापडलेला. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा, १३,०००हून जास्त नाणी, आणि त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला. वंश निःशेष झाला की नाही ते नाणं सांगत नाही, पण खजिना कोणाच्या हातात गेला ते सांगतं. सर एवढंच म्हणाले आणि डबे उघडायला सांगितले.

पुढे मी कर्जविभागात रमलो तो या शून्यामुळेच, असं घरी गमतीने म्हणतो. प्रोजेक्ट रिपोर्ट आला की आधी बघायचो, बनवलाय कोणी? कर्ज मागणाऱ्यानेच. म्हणजे बलश्रीचा लेख. मग वीजबिलं मागवायची, मालाचा साठा स्वतः जाऊन मोजायचा. एकदा कागदोपत्री दोन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याचं बिल जेमतेम एका घराइतकं निघालं. शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, माझ्या काळात शाखेची ठेव दुपटीवर गेली. ते इथे सांगायचं कारण नाही, पण सांगितलं.

आता दहावीच्या पेपरात उताऱ्याचा प्रश्न रीतसर असतो. सरांना आनंद झाला असता असं वाटलं होतं, पुतणीचा अभ्यास घेईपर्यंत. क्लासमध्ये तिला शिकवलंय, उतारा वाचत बसू नकोस, प्रश्नातला शब्द शोध आणि ती ओळ उतरव. ‘तुमचे मत’ विचारलं तर चार ओळी पाठ करून ठेवलेल्या, कुठल्याही उताऱ्याला चालणाऱ्या. मार्क पडतात. मी बोललो तर म्हणाली, “काका, तुमच्या वेळेला वेळ होता.” असेल बाई.

परवा शाळेत गेलो होतो. जिन्याखालची स्टाफरूम गेली, तिथे आता पाण्याचा कूलर आहे. सर जाऊनही बरीच वर्षं झाली. आमच्या बॅचने महोत्सवानिमित्त वर्गणी काढून शाळेच्या नावे मुदत ठेव करायची ठरवलंय. व्याजातून दरवर्षी नववीची सहल पांडवलेण्याला, मुद्दलाला हात लावायचा नाही. अर्जावर ठेवीचं नाव काय घालायचं, असं बँकेतल्या कारकुनाने विचारलं. अक्षयनीवी, मी म्हटलं. त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्याने व्याज महिन्याला हवं की वर्षाला, असं विचारलं, आणि आम्ही पाचही म्हातारे काउंटरवर एकदम ओरडलो, “महिन्याचं!”