दर महिन्याला एक भाग: मासिकासाठी क्रमशः लिहिताना

मासिकात क्रमशः कथा लिहिण्यातली खरी अडचण उत्सुकता ताणायची नसते, तारखांची असते. तिसरा भाग वाचकाच्या हातात पडतो तेव्हा चौथा छापखान्यात असतो, पाचवा संपादकांकडे आणि सहावा माझ्यासमोर. सहाव्यात एखादी कलाटणी सुचली आणि तिच्यासाठी तिसऱ्यात एक वाक्य पेरून ठेवायला हवं होतं असं लक्षात आलं, तर आता इलाज नाही. कादंबरी लिहिणारा मागे जाऊन हवं ते बदलतो. इथे गेलेला अंक गेला. म्हणून शेवटच्या भागापर्यंतचा कच्चा खर्डा तयार झाल्याशिवाय मी संपादकांना पत्रच लिहीत नाही. ‘तीन भाग देऊ, पुढचं पुढे सुचेल’ या भरवशावर चालणारे सराईत लेखक असतात म्हणे. मला ती हिंमत वाटत नाही, उधारी वाटते.

आधी माप ठरवावं लागतं. मोठ्या आकाराच्या मासिकाच्या पानावर मजकूर पूर्ण भरला तर मी साडेपाचशे ते सहाशे शब्द धरते. चार पानं मिळाली तर त्यातून शीर्षक, चित्र आणि मागच्या भागाचा सारांश वजा जाता हातात उरतात जेमतेम दोन हजार शब्द. त्यात दोन प्रसंग नीट मावतात. तिसरा कोंबला की तिन्ही उपाशी राहतात.

भाग किती, हे दिवाळी ठरवते. पुष्कळ मासिकांचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अंक जोडअंक म्हणून, म्हणजेच दिवाळी अंक म्हणून निघतो. तो स्टॉलवरून एकदाच विकत घेणारा गिऱ्हाईक वेगळा असतो, त्याला आठवा-नववा भाग देऊन उपयोग नसतो, त्यामुळे तिथे क्रमशः घेत नाहीत. कथा मार्चमध्ये सुरू झाली तर मधोमध दोन महिन्यांची खिंड पडते आणि डिसेंबरात निम्मे वाचक नावंसुद्धा विसरलेले असतात. जानेवारीत सुरुवात, सप्टेंबरात शेवट, नऊ भाग, हा हिशोब मला सगळ्यात बरा वाटतो. आणखी एक: जूनपासून सगळं कार्यालय दिवाळी अंकाच्या मागे लागतं. तेव्हा सात, आठ आणि नऊ हे भाग मे महिन्यातच पोचते केलेले बरे. ऑगस्टमध्ये संपादकांशी शेवटाबद्दल निवांत बोलू, ही आशा सोडून द्यावी.

पत्र एका पानाचं पुरतं. ‘सप्रेम नमस्कार’, कथेचं नाव, एकूण भाग, एकूण शब्द, काळ आणि ठिकाण, मग दीड-दोनशे शब्दांत कथानक, शेवटासकट. पुष्कळ लेखक शेवट झाकून ठेवतात, ‘वाचल्यावर कळेलच’ असं लिहितात. वाचकासाठी ते ठीक आहे, पण नऊ महिन्यांची पानं अडकवणाऱ्या माणसाला गाडी कुठे जाऊन थांबणार हे ठाऊक हवं. सोबत तीन भाग जोडावेत. पण पहिले तीन नव्हेत. पहिला, दुसरा आणि थेट सहावा. क्रमशः कथा बहुतेक वेळा मध्येच बसते, हे संपादकांना पक्कं माहीत असतं, त्यामुळे सहावा भाग उभा दिसला की त्यांची निम्मी शंका फिटते. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत अंक बंद करायची घाई असते, तेव्हा फोन करू नये. पूर्वी ‘साभार परत’चा शिक्का तरी यायचा, आता नकार म्हणजे शांतता. तीन महिने थांबावं, मग दोन ओळींत कळवावं की कथा दुसरीकडे पाठवत आहे, आणि मोकळं व्हावं.

मुंबईत घडणारी कथा असेल तर एक वही वेगळी ठेवावी लागते. तिच्यात डाव्या बाजूला पात्रांची जन्मवर्षं, नोकऱ्या, घराचा मजला, चष्मा कोणाला आहे. उजव्या बाजूला शहराचा काळ. इथला वाचक पात्राचा स्वभाव बदलला तर चालवून घेईल, स्टेशनाचं नाव चुकलं तर नाही. २०१५मध्ये घडणाऱ्या प्रसंगात नायिका प्रभादेवी स्टेशनवर उतरू शकत नाही, कारण जुलै २०१८पर्यंत ते एल्फिन्स्टन रोड होतं. पहिली एसी लोकल डिसेंबर २०१७मध्ये धावली. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ची. व्हीटीचं सीएसटी झालं १९९६मध्ये, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं लोक व्हीटीच म्हणत राहिले. निवेदनात एक नाव आणि संवादात दुसरं ठेवलं तर ते खरं वाटतं. ट्राम १९६४च्या मार्चअखेरीस बंद झाली, गिरण्यांचा संप जानेवारी १९८२मध्ये सुरू झाला, बेस्टची जुनी बिगर-एसी डबलडेकर सप्टेंबर २०२३पर्यंत दिसत होती. कथा २००५ ओलांडून जात असेल तर २६ जुलैच्या पुरात माझी माणसं कुठे होती, याची नोंद मी करतेच, मग तो दिवस कथेत येवो न येवो. पाचव्या भागातलं पात्र ‘तेव्हा मी कुर्ल्यालाच होतो’ असं सहज म्हणून जातं, आणि दुसऱ्या भागात आपण त्याला त्या साली नागपूरला ठेवलेलं असतं.

भागाची सुरुवात हा दुर्लक्षित विषय आहे. ‘मागील भागात’चा सारांश मी स्वतः लिहून देते, साठ-सत्तर शब्दांचा. कार्यालयावर सोडला तर तो अगदी घाईत लिहिला जातो आणि आपण जे मुद्दाम धूसर ठेवलं ते पहिल्याच ओळीत फोडलं जातं. वाचनालयातून अंक नेणाऱ्यांचा विचारही करावा लागतो. त्यांना चौथा भाग आधी आणि तिसरा नंतर मिळतो, कारण तिसरा कोणीतरी घरी ठेवून बसलेला असतो. म्हणून पहिल्या दहा ओळींत कोण, कुठे आणि कोणाचा कोण, एवढं संवादातून सांगून टाकायचं. नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी हवीत. सुमती, सुनंदा आणि सुनीता एका बैठकीत वाचताना वेगळ्या राहतात, महिन्याच्या अंतराने त्यांची एकच बाई होते. एका भागात दोनपेक्षा जास्त नवी माणसं मी आणत नाही.

आणि शेवट. दारावर थाप, फोनची घंटा, ‘तेवढ्यात तिला दिसलं की…’ हे एकदा चालतं. महिनाभर थांबलेल्या माणसाला पुढच्या अंकात दारात दूधवाला दिसला तर तो दुसऱ्यांदा फसत नाही. मी भाग बहुधा निर्णयावर तोडते: पात्राने काहीतरी ठरवलं, सही केली, खोटं बोललं, आता परिणाम यायचा आहे. कसोटी सोपी आहे. भाग संपल्यावर वाचकाच्या मनातला प्रश्न एका वाक्यात सांगता आला पाहिजे. ‘चाळीच्या कागदावर सही करताना तिने भावाला का विचारलं नाही?’ हा प्रश्न महिनाभर टिकतो. ‘आता काय होणार?’ हा दुसऱ्या दिवशी विरतो.

जुने लेखक भाग कसे तोडायचे हे पाहायचं असेल तर पुस्तकं उपयोगाची नाहीत, त्यांत भागांच्या कडा पुसून टाकलेल्या असतात. नियतकालिकांचे बांधीव खंड पाहावे लागतात. हरि नारायण आपट्यांचं ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९०चं, का. र. मित्रांचं ‘मनोरंजन’ हे मासिक १८९५चं आणि मुंबईचं. मराठीतली क्रमशःची परंपरा निदान तेवढी जुनी आहे. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. असे खंड हाताळायला मिळाले तर कथा सोडून आजूबाजूचंही वाचावं. जाहिरातीने कथेची जागा कशी खाल्ली, ते नीट कळतं.

हा जाहिरातीचा मुद्दा आजही तितकाच खरा आहे. अंक छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी पाव पानाची जाहिरात येते, तुमच्या चौथ्या पानावरची मजकुराची चौकट आखडते, आणि उरलेला मजकूर चौकटीबाहेर लपतो. पानं लावणाऱ्याच्या स्क्रीनवर चौकटीच्या कोपऱ्यात फक्त लाल अधिकचं चिन्ह दिसतं. ते पाहायचं राहिलं तर भागाच्या शेवटच्या सहा-आठ ओळी छापल्याच जात नाहीत, म्हणजे नेमका तो टांगलेला प्रश्नच जातो. यावर उपाय लेखकाच्या हातात आहे. प्रत्येक भागात मी दोन परिच्छेद निवडून समासात लिहून देते: ‘जागा कमी पडल्यास हा काढावा’. दोन्ही मिळून शंभरेक शब्द, मधल्या पानांतले. डीटीपी करणाऱ्याला तेवढंच हवं असतं. पानं लागल्यावर पीडीएफ मागवायची आणि सगळ्यात आधी शेवटची ओळ पाहायची.

मुद्रितशोधनात दुसरी डोकेदुखी फाँटची. आपण युनिकोडमध्ये लिहितो. काही कार्यालयांत अजून जुन्या फाँटवर पानं लागतात आणि मजकूर रूपांतर करून घेतला जातो. त्यात ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरावरून उडी मारते, रफार शेजारच्या अक्षरावर बसतो, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. सगळ्यात घातक म्हणजे अर्धा र. कोळीवाड्यातल्या कथेत ‘दर्या’ हवा असताना ‘दऱ्या’ झाल्या, किंवा सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या झाला, तर शब्द शुद्धच असतो, त्यामुळे मुद्रितशोधकाची नजरही त्यावरून सरकते. अशा शब्दांची यादी मी भागासोबतच देते. मजकुरात रोमन अक्षरं अजिबात ठेवत नाही. रूपांतरात त्यांची अगम्य अक्षरं होतात. वर्डची फाइल आणि तिचीच पीडीएफ, दोन्ही पाठवायच्या, म्हणजे मूळ काय होतं यावर वाद राहत नाही.

चित्रकाराला विसरू नये. त्याच्या हातात पहिलाच भाग असतो आणि तो नायकाला मिशी काढून मोकळा होतो. ती मिशी मग नऊ भाग सांभाळावी लागते. सुरुवातीलाच मुख्य माणसांचं वय, बांधा, कपडे, चष्मा अशा चार-चार ओळी पाठवल्या की हे टळतं.

पैशाचं आणि हक्काचं बोलणं पहिला भाग छापायच्या आधी, आणि लेखी. मानधन भागागणिक की एकरकमी, छापल्यावर किती दिवसांनी, मासिक मध्येच बंद पडलं तर उरलेल्या भागांचं काय, हे ईमेलवर तरी असावं. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ अशी एक ओळ छापील नमुन्यात असते. तिथे मी ‘फक्त मासिकात प्रथम प्रसिद्धीचा हक्क’ असं लिहून मगच सही करते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ वाचण्यासारखं आहे. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते परत येतात. कथा घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांसाठी ही शेवटची तरतूद फार कामाची. श्राव्य पुस्तक, मालिका आणि चित्रपट यांचे हक्क वेगळे नोंदवून स्वतःकडे ठेवावेत. मुंबईत राहून हे न करणं म्हणजे कमालच. कथेवर पटकथेचा विचार असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन तिथे नोंद करता येते. कॉपीराइट नोंदणी बंधनकारक नाही, हक्क लिहिल्याक्षणी जन्मतो; पण पुरावा म्हणून ती बरी. आणि आयकराचं एक: १९६१च्या कायद्यातल्या कलम ८०क्यूक्यूबीची सवलत पुस्तकाच्या रॉयल्टीला होती, मासिकं त्यातून स्पष्टपणे वगळलेली होती, त्यामुळे मासिकाचं मानधन त्या रकान्यात घालू नये.

नऊ भाग संपले की अठरा हजार शब्द होतात. डेमी आकाराच्या पानाला अडीचशे-पावणेतीनशे धरले तर सत्तरेक पानं, म्हणजे सोळा पानी साडेचार फर्मेसुद्धा (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) धड होत नाहीत. एवढ्या बारीक पुस्तकाला कणा मिळत नाही आणि दुकानदार ते दोन जाड पुस्तकांच्या मध्ये दडपतो. म्हणून पुस्तकासाठी आणखी तीन-चार हजार शब्द वाढवायचे ते मी आधीच राखून ठेवते: मासिकात जागेअभावी न बसलेले प्रसंग. सारांश काढून टाकायचे, दर भागाच्या सुरुवातीला पेरलेली ओळख पुसायची, भागाच्या शेवटचे झटके निम्म्याने कमी करायचे. नाहीतर एका बैठकीत वाचणाऱ्याला दर आठ पानांनी कोणीतरी खांद्याला धक्का देतंय असं वाटत राहतं. पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख श्रेयपानावर मासिकाच्या नावासह आणि महिन्यांसह करायचा, आणि पुस्तकाची एक प्रत संपादकांना, एक त्या चित्रकाराला.