पीसी बांगमधली पहाट

दक्षिण कोरियातल्या देजॉनमध्ये विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पडलं की ‘पीसी बांग’च्या पाट्या दिसायला लागतात. गेम खेळायची ही दुकानं बहुतेक तळघरात नाहीतर वरच्या मजल्यावर, आणि रात्रभर उघडी. तासाला हजार-दीड हजार वॉन दिले की ऐसपैस खुर्ची, मोठा स्क्रीन, हेडफोन. भूक लागली तर स्क्रीनवरूनच ऑर्डर द्यायची. अंडं घातलेलं वाफाळतं राम्यॉन, म्हणजे कोरियन नूडल्स, जागेवर येतं. उठायला कारणच उरत नाही.

१९९७च्या आर्थिक संकटानंतर सरकारने ब्रॉडबँडवर भर दिला, १९९८मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ हा कॉम्प्युटर गेम आला आणि पीसी बांगचं पेव फुटलं. मुलं बिघडतात म्हणून ओरड झाली. २०११मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा आला. २०२२च्या सुरुवातीला तो रद्दही झाला.

विद्यापीठातली मुलं त्या कायद्यात कधी नव्हतीच, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. शाळा संपेपर्यंत प्रवेशपरीक्षेसाठी रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसवलेली ही मुलं. वसतिगृहात आली की जेवलास का, झोपलास का, विचारणारं कुणी नाही. मुलग्यांना मध्येच दीडेक वर्ष सक्तीची लष्करी सेवा. परत येतात तोवर सोबतचे पांगलेले असतात.

माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच परतला आणि सकाळच्या तासांना दिसेनासा झाला. एकदा त्याला शोधत गेले, तर पहाटे चारला हेडफोन लावून बसलेला, शेजारी राम्यॉनचा रिकामा वाडगा. घरी चल म्हटलं तर म्हणाला, “नूना (ताई), इथे माझ्या टीमचं माझ्यावाचून अडतं.” वर्गात त्याच्यावाचून कुणाचंच अडत नव्हतं. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत जागा दिली. त्यात किती तास खेळतो हा निकष नाही. स्वतःवर ताबा उरलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का, आणि हे साधारण वर्षभर चाललंय का, हे पाहतात. म्हणून नुसता वायफाय बंद करून भागत नाही. तो मुलगा आता विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जातो आणि संध्याकाळी आम्ही त्याला सोबत जेवायला बसवतो. अजूनही काही रात्री तो पीसी बांगला जातोच.

पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांत पीसी बांग नाही, पण रात्री तीनपर्यंत रील्स आणि मोबाइल गेम आहेतच. घरात असं कुणी असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४पासून खास यासाठी ‘शट क्लिनिक’ आहे. तेवढ्या लांब जाणं जमत नसेल तर १४४१६ या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, आणि फोन पालकांनीही करावा.